टाइप १ मधुमेह आहे, टेकडी चढताना शुगर एकदम खाली जाते. चढणं सोडून द्यावं का?

सोडू नका. मला टाइप १ होऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली बारा वर्षं मी जवळजवळ दर रविवारी सिंहगड चढते आहे. वसीम अक्रमला १९९७ च्या सुमारास, ऐन उमेदीत मधुमेह निघाला आणि त्यानंतर इन्सुलिन घेत तो २००३ पर्यंत वेगवान गोलंदाजी करत राहिला. तेव्हा ‘टेकडी बंद कर’ असं तुमच्या आई कितीही म्हणाल्या तरी ती बंद करायचं कारण नाही.

तुम्ही लिहिलंय की साडेसहाला इन्सुलिन घेऊन पोहे खाता, साडेसातला टेकडीला लागता, निघताना शुगर १५० असते आणि अर्ध्या वाटेत ५८-६० दिसते. डॉक्टर म्हणतात ‘सोबत साखर ठेवा’, त्यापुढे काही सांगत नाहीत. हे वाचताना मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. सिंहगडाच्या आतकरवाडीकडच्या वाटेवर मी दगडावर घामाघूम बसलेली असायची, सोबतचे पुढे निघून जायचे आणि मला वाटायचं, आपलं शरीरच या कामाचं राहिलं नाही.

घोळ वेळेचा आहे. जेवणाआधी घ्यायचं जलद इन्सुलिन साधारण एक ते दोन तासांनी ऐन जोरात असतं आणि पुढेही काही तास अंगात रेंगाळतं. तुम्ही नेमके त्या जोरातच चढायला लागता. चालणारे स्नायू इन्सुलिन नसतानाही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतात, त्यात इन्सुलिनची भर पडली की ओढ दुप्पट. मधुमेह नसलेला माणूस चालायला लागला की इन्सुलिन बनवणारं त्याचं स्वादुपिंड आपसूक हात आखडतं आणि यकृत साखर सोडत राहतं. आपण टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही, आणि तेच इन्सुलिन यकृतालाही दाबून धरतं. म्हणून निघताना मीटरवर १५० दिसले तरी मी आधी स्वतःला विचारते, शेवटचं इन्सुलिन किती वाजता आणि किती घेतलं होतं?

यातून दोन वाटा निघतात. एक, उपाशीपोटी, जलद इन्सुलिन न घेता पहाटेच चढायचं आणि खाली आल्यावर नाश्ता करायचा. रात्रीचं लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन मात्र चुकवायचं नाही. अशा वेळी शुगर पुष्कळदा फारशी उतरत नाही, कुणाकुणाची उलट थोडी चढते. दुसरी वाट, खाऊनच जायचं असेल तर त्या खाण्याचं इन्सुलिन कमी करायचं. चढ किती आणि किती वेळ, त्यावर पाव भागापासून पाऊण भागापर्यंत कपात करतात. मी सिंहगडासाठी निम्मं घेते. पण माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका, तुमचा तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आणि इन्सुलिन मांडीत घेत असाल तर चढायच्या दिवशी पोटावर घ्या. पळत्या पायातून ते लवकर शोषलं जातं.

निघताना १२६ ते १८० च्या दरम्यान असलेलं बरं. ९० च्या खाली असेल तर १०-२० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थांबायचं, वर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. २७० च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे, ते वाढलेले असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. आदल्या चोवीस तासांत कधी शुगर इतकी लो, म्हणजे कमी, झाली असेल की दुसऱ्याला मदत करावी लागली, तरीही नाही. एका मोठ्या लोनंतर शरीराची धोक्याची घंटा काही काळ मंद होते, दुसरी लो येते तेव्हा कळतही नाही.

चढताना दर अर्ध्या तासाला बघा. तुमच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आहे, छान, पण तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटं असतो. चढावर तर जास्तच मागे पडतो. सेन्सर ८५ म्हणतोय आणि बाण खाली आहे, म्हणजे बोटातलं रक्त कदाचित ६५ ला पोचलंय. आणि लक्षणांवर विसंबू नका. घाम, धडधड, पाय लटपटणं हे सगळं चढावर एरवीही होतंच. मला स्वतःला ओठांभोवती मुंग्या आल्या आणि बोलताना शब्द अडखळले की कळतं, ती माझी खूण.

७० च्या खाली गेलात तर बसा. ‘त्या वळणापर्यंत जाऊन मग बघू’ असं नाही, तिथेच बसा. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे ग्लुकोज पावडरचे साधारण तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. मी घरीच पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या बांधते आणि एकूण सहा नेते: तीन माझ्या खिशात, तीन सोबतच्याकडे. तुम्ही चिक्की आणि चॉकलेट नेता असं लिहिलंय, ती पोटाला आधार म्हणून ठीक, पण त्यातल्या दाण्यांच्या आणि कोकोच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो आणि लोमध्ये वेळच नसतो. वाटेवरच्या लिंबूसरबतात साखर किती ते आपल्याला ठाऊक नसतं, शिवाय ऐन वेळी टपरी जवळ असेलच असं नाही.

टाइप २ चे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनेही व्यायामात शुगर लो होते, आणि तिच्या जोडीला व्होग्लिबोज असेल तर साधी साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही, कारण साखर फोडण्याचं कामच ती गोळी रोखते. तिथे ग्लुकोजच हवं.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते रात्रीचं. एका रविवारी मी गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन, दुपारी घरी येऊन खुशीत झोपले. शुगर दिवसभर उत्तम. रात्री तीनला नवऱ्याला जाग आली ती माझ्या अंगाखालची चादर घामाने ओली लागली म्हणून. मीटरवर ४१. मी त्याला ओळखत नव्हते, ग्लास ढकलत होते. रिकामे झालेले स्नायू आपला साठा भरायला पुढचे कितीतरी तास, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत साखर ओढत राहतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मोठ्या चढाच्या दिवशी मी रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन थोडं कमी करते, लांब पल्ल्याचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वीस टक्क्यांनी उतरवते, झोपताना दूध आणि पोळी खाते आणि तीनचा गजर लावते. त्या दिवशी दारू अजिबात नाही, ती यकृताला साखर सोडू देत नाही.

सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा: शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ लावायचा.

या महिन्यात एक छोटी वही करा. इन्सुलिन किती वाजता आणि किती युनिट, निघतानाची शुगर, अर्ध्या तासाची, उतरल्यावरची, रात्री तीनची. चार-पाच रविवारांची ही वही पुढ्यात ठेवलीत की डॉक्टरांना नाश्त्याच्या इन्सुलिनचे किती युनिट कमी करायचे ते नेमकं सांगता येईल.