हॅव की हॅज? आधी मालक बघ
भाऊ, आय, यू, वी, दे यांच्यापुढे हॅव आणि ही, शी, इट यांच्यापुढे हॅज, एवढं तुला पाठ आहेच. घोळ होतो तो मराठीच्या सवयीने. आपण म्हणतो, ‘तिच्याकडे दोन संत्री आहेत’. इथे क्रियापद संत्र्यांप्रमाणे बदलतं. इंग्रजीत ते मालकाकडे बघतं: शी हॅज टू ऑरेंजेस. तिने नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्यांचा अख्खा ट्रक उतरवला, तरी शी हॅजच! आदरार्थी बहुवचनही तिकडे नाही, म्हणून सरांसाठीसुद्धा ही हॅज. मात्र प्रश्नात डझ आलं की पुढे हॅव: डझ शी हॅव अ पेन? सीताबर्डीवर बसची वाट पाहताना अशी वाक्यं मोठ्याने बोलून बघ, नुसतं लिहिण्यापेक्षा लवकर बसतात.