पंपाची सवय लागते का?

प्रश्न : माझा मुलगा ८ वर्षांचा. पाऊस सुरू झाला की रात्री खोकला, पहाटे छातीत शिट्टी. डॉक्टरांनी दमा सांगितला, निळा पंप (इनहेलर) दिला आणि एक दुसरा पंप रोज घ्यायला सांगितला. सासूबाई म्हणतात सवय लागेल, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. बरं वाटल्यावर रोजचा पंप बंद केला. शाळेत पीटीला बाजूला बसवतात, फुटबॉलही बंद. आता त्याला दिवाळीत जाळतात तो नरकासुराचा पुतळा बघायला जायचंय. नेऊ का?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, सवय लागत नाही, हे सासूबाईंना शांतपणे समजवा, त्यांची काळजी खोटी नाही. निळा पंप लगेच श्वास मोकळा करायला असतो. त्याच्या एका पफमधे, म्हणजे एका फवाऱ्यात, १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तेच औषध गोळीतून २ मिलिग्रॅम म्हणजे २० पट जातं, सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचतं, म्हणून तर गोळीनं हात थरथरतात, धडधडतं.

रोजचा पंप मात्र वेगळा. त्यात थोडं स्टिरॉइड असतं, ते श्वासनळीची सूज उतरवतं, आणि सूज खोकला थांबला तरी आत असतेच, त्यामुळे बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद केला की पुढच्या सर्दीला परत तेच. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण एखादा सेंटीमीटर, पण रात्र रात्र झोप नाही, शाळा बुडते, मूल मैदानाबाहेर बसतं, याची किंमत मला त्याहून कितीतरी मोठी वाटते. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या, एका वेळी एकच पफ, ५-६ श्वास, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी.

आपल्याकडे पावसात भिंतींना बुरशी धरते, गाद्या-उशा दमट राहतात, त्यात धुळीतले बारीक किडे वाढतात. चादरी आठवड्याला गरम पाण्यात, ६० डिग्रीच्या आसपास, धुवा. चवथीला (गणेश चतुर्थीला) धूप-अगरबत्ती त्याच्या खोलीपासून लांब. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद, यात मी तडजोड सांगणार नाही.

फुटबॉल खेळू द्या! दमा ताब्यात असला तर खेळलेलंच चांगलं. आधी वॉर्मअप, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी निळा पंप. पीटीच्या सरांना एक कागद द्या, त्यावर पंप कुठे ठेवलाय, कधी द्यायचा आणि तुमचा फोन नंबर. मुलाला बाजूला बसवून त्याचा दमा बरा होत नाही, तो फक्त एकटा पडतो.

नरकासुर म्हणाल तर संध्याकाळी तयार केलेला बघायला खुशाल न्या, त्याच्या मित्रांनी केलेला असेल तर तो त्याला बघायचाच असणार. पहाटे जाळताना आत फटाके असतात, धूर दाट असतो, तेव्हा त्याला घरी ठेवा, खिडक्या बंद. निळा पंप आणि स्पेसर पिशवीत पाहिजेच. सांगितलेले पफ देऊनही उतार नाही, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्या आत ओढल्या जातायत किंवा ओठ निळसर दिसतायत, तर वाट न बघता १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याला ताठ बसवून पफ चालू ठेवा.