नवी बिलिंग स्क्रीन जलद आहे की नाही, हे काउंटरवर माणसं न बसवता कळेल का?

सीझनमध्ये काउंटरवरचं कुणी चाचणीसाठी मोकळं होत नाही, ही तुमची अडचण कळली. हात बसलेल्या माणसापुरतं बोलायचं तर हो, कागद-पेन्सिलीवर कळतं.

कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल वापरा. कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांनी ते 1980 मध्ये मांडलं. कामाचे बारीक हालचालींत तुकडे पाडायचे आणि सेकंदांची बेरीज करायची. एक की दाबायला 0.28, कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला 0.4, बाण नेमक्या जागी न्यायला 1.1, क्लिकला 0.2 आणि ‘आता काय?’ असं मनात थबकायला 1.35.

रविवार पेठेतल्या एका होलसेल दुकानासाठी मी हे केलं होतं. जुन्या काळ्या स्क्रीनवर चार आकडी कोड, एंटर, नग, एंटर. एकदा थबकणं आणि सात की, झाले 3.31 सेकंद. नव्या रंगीत स्क्रीनवर नावाची तीन अक्षरं, मग यादीत माल हुडका, माउसने निवडा, हात परत कीबोर्डवर, नग, एंटर. 6.2! दिवसाची 300 बिलं आणि बिलात चार ओळी धरल्या तर तासभर जादा गेला. मालक म्हणाले, ‘‘अहो, पण दिसते किती छान!’’ छान होतीच, नाही कशाला म्हणू? शेवटी माउसऐवजी खालचा बाण आणि एंटर चालेल असं करून घेतलं, 4.66 वर आलं.

बेरीज फसते कुठे, तर दोन कामं एकाच वेळी चालतात तिथे. नायनेक्स या अमेरिकी टेलिफोन कंपनीला ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती. की कमी दाबाव्या लागणार, म्हणजे कॉल लवकर संपणार, हा सरळ हिशेब. ग्रे, जॉन आणि ॲटवुड या संशोधकांच्या, एकाच वेळी चालणारी कामंही धरणाऱ्या मॉडेलने उलट सांगितलं, आणि प्रत्यक्ष चाचणीतही नवं यंत्र मंदच निघालं. ज्या की वाचल्या, त्या ऑपरेटर तसाही ग्राहकाचं ऐकत असे तेव्हा दाबायच्या होत्या. उलट एक की कॉलच्या शेवटी सरकली होती, जिथे तिला लपायला काही नव्हतं. तुमचं गिऱ्हाईक यादी वाचून दाखवत असेल तर हेच होणार.

आणि हो, मॉडेलमधला माणूस चुकत नाही, त्याला सगळे कोड पाठ असतात. दिवाळीपुरता ठेवलेला मुलगा तसा नसतो. त्याला मात्र अर्धा तास बसवाच, आणि मागे उभं राहून सांगत सुटू नका.