टाकीचं रीडिंग खोटं निघालं तर?

आमच्या पीएलसीला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला) इंटरनेटच नाही. मग हल्ला होणार कुठून? (मेंटेनन्स इंजिनिअर, बुटीबोरी)

इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रणाही इंटरनेटपासून तोडलेलीच होती. तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणक-व्हायरस तिथे पोचला. तो पेनड्राइव्हवरून पसरू शकत असे. तुमच्याकडे सर्व्हिसला येणाऱ्याचा लॅपटॉप थेट पॅनेलला लागतो, तोही रस्ताच आहे. नेटवर्क वेगळं ठेवाच, पण कुणीतरी आत येणार हे धरूनच डिझाइन करा.

टाकीचं रीडिंग कुणी बदललं, तर ऑपरेटरला कळणार कसं? (वाचक, गोरेवाडा)

हिशेबाने. समजा टाकीचा तळ ८० चौरस मीटर आहे आणि तासाला ४० घनमीटर पाणी जास्तीचं येतंय. म्हणजे पातळी तासाला अर्धा मीटर चढायला हवी. स्क्रीनवर ती दहा मिनिटांत मीटरभर चढली किंवा हललीच नाही, तर काहीतरी गडबड आहे. हा हिशेब कंट्रोलरबाहेरच्या वेगळ्या संगणकावर सतत चालू ठेवा.

हुशार हल्लेखोर मात्र जुनं, नॉर्मल रीडिंग पुन्हा दाखवत राहतो. स्टक्सनेटने तेच केलं. त्यावर एक सुंदर उपाय आहे: पंपाच्या वेगात अधूनमधून, फक्त तुम्हालाच ठाऊक असलेला बारीकसा बदल करायचा. खऱ्या रीडिंगमध्ये तो उमटतो, रेकॉर्ड केलेल्यात नाही.

बहुमताने खरं रीडिंग ठरवायचं असेल, तर एका खोट्या सेन्सरसाठी तीन सेन्सर हवेत, दोन खोट्यांसाठी पाच. पण तिन्ही एकाच पासवर्डमागे असतील तर ते एकच समजा.

एन्क्रिप्शन पुरेसं नाही का? (विद्यार्थिनी, हिंगणा)

नाही. मॉडबस, म्हणजे कंट्रोलर आणि यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा, १९७९ ची. मूळ मॉडबसमध्ये संदेश कुणी पाठवला हे तपासण्याची सोयच नाही, त्यामुळे तिथे संरक्षण हवंच. पण कंट्रोलरच ताब्यात गेला किंवा संदेश अडवले गेले, तर एन्क्रिप्शन काय करणार? संदेश थांबल्यावर पंप बंद पडावा की चालू राहावा, हे आधीच ठरवा. टाकी भरणारा पंप बंद पडलेला बरा. चालू बॉयलरला पाणी देणारा फीडपंप बंद पडणं धोक्याचं. हा निर्णय आयटीवर सोडू नका, प्रक्रिया जाणणाऱ्यानेच घ्यावा.

छोटा कारखाना आहे, बजेट नाही. सुरुवात कुठून करू?

फ्लोट स्विचपासून, म्हणजे पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचपासून. त्याची वायर पीएलसीतून न नेता थेट कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलच्या सर्किटमध्ये घ्या. सॉफ्टवेअर काहीही सांगो, टाकी भरली की पंपाची वीज तुटते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दुरून ब्रेकर पाडले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर लावले आणि काही तासांत वीज आली. तुमच्या पॅनेलवरचा हॅण्ड-ऑटो स्विच चालतो का, ते याच आठवड्यात बघा. पीएलसी प्रोग्रॅमची एक प्रत नेटवर्कबाहेर, कपाटात ठेवा, आणि पुढच्या शटडाउननंतर प्लांट एकदा हॅण्डवर चालवून बघा.