सत्तरीचं मत नेमकं जातं कुणाला?

प्रश्न: घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ, नोकरी पणजीला. ऑफिसातले पणजी-मडगाववाले मला सारखे चिडवतात, की तुम्ही सत्तरीवाले झेंडा कुठलाही असू दे, मत एकाच घराण्याला देता, डोकं वापरत नाही. मला धड उत्तर देता येत नाही. आमच्याकडे पक्षाला खरंच किंमत नाही का? आणि दुसरं म्हणजे, निकाल लागला की कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात, तुमच्या वाड्यानं आम्हाला मत दिलेलं नाही. हे त्यांना कळतं कसं? मशीनमध्येच काही भानगड आहे का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर: अहो, आधी त्या ऑफिसवाल्यांनाच विचारा की जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका फटक्यात भाजपमध्ये गेले त्यात पणजीचा आमदार होता की नव्हता, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परत आठ गेले त्यात मडगावचा होता की नव्हता. दोन्ही होते. शिवाय पणजीनं २०१९ च्या पोटनिवडणुकीत ज्याला हातावर निवडून दिलं त्यालाच २०२२ ला कमळावर निवडून दिलं. मग फक्त सत्तरीलाच का चिडवायचं?

राणे घराण्याचं म्हणाल तर खरंय. माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे १९७२ ला मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिकिटावर आले, नंतर वर्षानुवर्षं काँग्रेस, आणि २०२२ ला ते उभे राहिले नाहीत तेव्हा सत्तरीतल्याच पर्ये मतदारसंघात त्यांची सून भाजपकडून निवडून आली. तिकडे वाळपईत मुलगा, तो आधी अपक्ष, मग काँग्रेस, मग भाजप. लोकांनी दर वेळी माणूस बघितला.

पण गावाला पक्ष कळतच नाही असं कोण म्हणत असेल तर त्याला जुना गोवा माहीत नाही. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत गावोगावच्या कुळांनी आणि मुंडकारांनी (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांनी) भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नाकावर टिच्चून मगोच्या सिंहावर शिक्के मारले, उमेदवार कोण हे पुष्कळांनी बघितलंसुद्धा नाही, भाऊसाहेब बांदोडकरांचा सिंह एवढं पुरे होतं. आणि जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडलं, तरी पुढच्या दोनेक महिन्यांत झालेल्या विधानसभेला सत्ता परत विलीनीकरणवाल्या मगोलाच मिळाली. बिनडोक मतदार असं करत नाही.

मग माणूस मोठा का झाला? मतदारसंघ बघा केवढे, चाळीस जागा आणि एकेका ठिकाणी पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार बारशाला येतो, मर्तिकाला येतो. सकाळी त्याच्या घरी बघा, ओट्यावर प्लास्टिकच्या फायली घेऊन माणसं बसलेली असतात, कुणाच्या फाईलीत जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची झेरॉक्स, कुणाच्या फाईलीत पोराचा बायोडेटा. सत्तरीत तर मोकाशाच्या (जुन्या इनामी) नि आल्वाराच्या (पोर्तुगीज सरकारनं कसायला दिलेल्या) जमिनींचा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चाललाय, घर आपलं पण खालची जमीन नावावर नाही, अशा माणसानं झेंडा बघायचा की फोन उचलणारा बघायचा? मला हे आवडतं असं नाही, हक्काची गोष्ट मेहरबानी म्हणून घ्यावी लागते यात मतदाराची गोचीच आहे. पण याला अडाणीपणा म्हणू नका. आपल्या सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीचं विसरू नका, जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या लोकांनी, त्यातही बायकांनी, आयआयटीच्या जमिनीवरून अशी झुंज दिली की सरकारला तिथला प्रकल्प गुंडाळावा लागला. आणि पुढच्या वर्षी वाळपईत आमदार परत तोच! मत एका खिशात, आंदोलन दुसऱ्या खिशात.

आता मशीनचं. तुम्ही कुठलं बटण दाबलं हे कुणालाही कळत नाही, मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते, तिच्यावर तुमचं नाव नसतं. (चाळीसच्या चाळीस जागांवर व्हीव्हीपॅट लावणारं पहिलं राज्य आपलंच, २०१७ ला.) भानगड मोजणीत आहे. मोजणी मशीनवार होते आणि नंतर फॉर्म २० या निकालपत्रकात मतदान केंद्रवार आकडे जाहीर होतात, म्हणजे एकेका केंद्राचा, पर्यायानं दोन-चार वाड्यांचा कल उघडाच पडतो. शिवाय मतदानाच्या दिवशी उमेदवाराचा एजंट मतदार यादीवर खुणा करत बसलेला असतो, कोण आलं कोण नाही हे त्याला माहीत. दोन्ही जोडून अंदाज बांधतात आणि खात्री असल्यासारखं बोलतात. अनेक मशीनची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर आणा अशी शिफारस विधी आयोगानं २०१५ मध्येच केलीय, पण मोजणी अजून मशीनवारच चालते. पंचायतीला तर आणखी अवघड, तिथं पक्षाचं चिन्ह नसतं नि प्रभाग एवढासा, त्यामुळे कुठल्या घरात किती मतं हे पंचाला तोंडपाठ, त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबरही येतो.

विधानसभेला मात्र घाबरू नका. परत कुणी 'तुमच्या वाड्यानं दिलं नाही' म्हणाला तर त्याला आपल्या केंद्राचा आकडा विचारा, बहुतेकांनी फॉर्म २० उघडूनसुद्धा बघितलेला नसतो.