गाळणी धुतली, तरी फ्लोराइड का जाईना?

प्रश्न: हापशीच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. बचत गटाने अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाच्या (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) घरगुती गाळण्या घेतल्या. दोन महिन्यांनी फ्लोराइड पुन्हा वाढलं. कॉस्टिक सोड्याने धुतल्या, तरी फरक नाही. उलट पाणी बुळबुळीत लागतं. माल खराब निघाला का?
— केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: माल बहुधा ठीक आहे, धुणं अर्धवट राहिलं. सोडा दाण्यांवरचं फ्लोराइड सोडवतो, पण दाणे अल्कधर्मी करून ठेवतो. तशा दाण्यांवर फ्लोराइड चिकटत नाही. म्हणून सोड्यानंतर आम्ल द्यावंच लागतं.

दोन महिन्यांचा हिशेबही जुळतो. साध्या बोअरच्या पाण्यात एक किलो अॅल्युमिना साधारण १ ग्रॅम फ्लोराइड धरतो असं समजून चाला. गाळणीत ३ किलो माल, म्हणजे ३ ग्रॅम. दर लिटरला तीनपैकी सव्वादोन मिलिग्रॅम काढायचं तर तेराशे-चौदाशे लिटर पाणी झालं. रोज २० लिटर गाळता ना?

रीत अशी: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून दाणे आठ तास बुडवायचे. भांडं प्लास्टिकचंच हवं. अॅल्युमिनियमचं भांडं सोडा खातो आणि हायड्रोजन वायू निघतो. मग साध्या पाण्याने धुवायचे, आणि सुमारे दोन टक्के सल्फ्युरिक आम्लात ठेवून पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत पुन्हा धुवायचे. आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हे काम घरोघरी करू नका. गावात एका शिकवलेल्या माणसाकडे, हातमोजे-चष्म्यासह, एका जागी द्या. धुण्याच्या पाण्यात सगळं फ्लोराइड उतरलेलं असतं, ते विहिरीजवळ किंवा नाल्यात सांडू नका.

उकळून काही होत नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

प्रश्न: आमच्याकडे खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. हीच गाळणी चालेल का?
— दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर: नाही. मीठ अॅल्युमिनातून जसंच्या तसं पुढे जातं. तिथे आरओ लागतो, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून काढणारं यंत्र. त्यासाठीचा उपयोगी पडदा लोएब आणि सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेत घडवला. आजचे पॉलिअमाइडचे पडदे त्याहून सरस आहेत. पण खरी अडचण पडद्याची नाही, टाकाऊ पाण्याची आहे. घरगुती यंत्रात आत गेलेल्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग आणखी खारा होऊन बाहेर पडतो. तो काळ्या जमिनीत सोडलात तर शेत बिघडेल. संडास-मोरीला वापरा.

प्रश्न: शाळेच्या प्रकल्पासाठी पाणी कुठे दाखवावं?
— विज्ञान शिक्षक, जि. चंद्रपूर

उत्तर: नागपुरात नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था) आणि एलआयटी (रसायन-तंत्रज्ञान संस्था) तिन्ही आहेत. नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. हापशी काही मिनिटं चालवून त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा. गाव, बोअरची खोली आणि तारीख लिहा.

आमचं एक म्हणणं. फ्लोराइड धरणारे नवनवे शोषक पदार्थ अनेकदा शुद्ध पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून तपासतात, आणि आकडे छान येतात. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट आणि सिलिका असतात. तेही दाण्यांवरची जागा अडवतात. शोषकवाले, पडदेवाले आणि भूजलवाले यांनी एकाच हापशीच्या पाण्यावर आपापलं काम करून आकडे शेजारी ठेवावेत. तुमच्या मुलांनी जमवलेल्या बाटल्या त्या कामाच्याच.