घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर बहिणीला संरक्षण आदेश मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण राजापूर तालुक्यात दिलेली, नवरा मुंबईला. गणपती-शिमग्याला आला की पिऊन मारतो, एरवी दिराचा आणि सासूचा जाच. आता ती मुलाला घेऊन कुडाळला तुमच्याकडे आली आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, मग कोर्टाचा आदेश मिळेल का, आणि घर सोडलं म्हणजे हक्क गेला का?

आदेश मिळू शकतो आणि हक्कही गेलेला नाही. मी तालुका विधी सेवा समितीत स्वयंसेविका आहे, येणाऱ्या बहुतेक बायकांची पहिली भीती हीच. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यात सुनेचं कुठून असणार! पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मालकी कोणाची ते बघत नाही, ती तिथे संसार करून राहत होती का ते बघतो. सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलंय.

अर्जासाठी राजापूरला जायची गरज नाही. ती सध्या, तात्पुरती का होईना, जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे कुडाळलाच करता येतो. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात. वकील विधी सेवेकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा.

खरी मेहनत अर्जात घ्या. 'मारहाण करू नये' एवढंच मागितलं तर हातात तेवढंच पडतं. फोन-मेसेज करू नये, मुलाच्या शाळेत किंवा तिच्या कामाच्या ठिकाणी येऊ नये, स्त्रीधन विकू नये, हे कलम १८ खाली वेगवेगळं मागा. तिला मदत करणाऱ्यालाही त्रास देऊ नये असा आदेश मिळतो, म्हणजे तुम्हाला धमक्या येत असतील तर त्याही लिहा. राहण्याचा आदेश कलम १९ खाली. तिथे 'घरात राहू द्यावे' असं मोघम नको. मागच्या पडवीलगतची खोली, स्वयंपाकघर, विहीर, संडास, सगळं नावानिशी लिहा. नाहीतर खोली मिळते आणि विहिरीवर दीर उभा! सासूला मात्र घराबाहेर काढता येत नाही, बाईविरुद्ध तसा आदेश कायदाच देत नाही. एकत्र राहणं नकोच असेल तर भाड्याची सोय मागता येते.

पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून पहिल्याच दिवशी शपथपत्र जोडून अंतरिम आदेश मागा. गरज पटली तर समोरच्याला न ऐकताही तो निघतो. बरेचदा गाडी नोटीस न बजावल्यामुळे अडते. नवऱ्याचा मुंबईतला पत्ता, कंपनीचा पत्ता आणि गावचं घर, तिन्ही द्या. चाकरमानी एरवी सापडला नाही तरी चतुर्थीला घरी असतोच.

दरम्यान 'कोर्टात कशाला, गावकीत बसवू' असा निरोप येईलच. बसायचं तर बसा, पण अर्ज मागे घेऊन नको. गावकीचा कागद मोडला तर पोलीस काही करू शकत नाहीत. तडजोड झालीच तर कोर्टासमोर नोंदवून घ्या. 'पोराला जेलात घालणार' हेही ऐकाल. नुसत्या या अर्जाने कोणाला अटक होत नाही. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा: १ वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाडीतलं कोणी साक्षीला आलं नाही तरी एकट्या तिच्या साक्षीवर कोर्ट गुन्हा सिद्ध मानू शकतं.

आदेशाची प्रत फुकट मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. पण अर्ज कुडाळचा आणि सासर राजापूरचं, तेव्हा राजापूर ठाण्यातही एक प्रत देऊन पोच घ्या. अंगावर अजून वळ असतील तर आजच सरकारी दवाखान्यात न्या. कोणी आणि कशाने मारलं ते केसपेपरवर लिहायला सांगा, 'पडून लागलं' लिहू देऊ नका.